आतली कडी

"सोमवारपासून येऊ नकोस," साहेब म्हणाले आणि समोरचे कागद चाळू लागले.

कडीवाला टेबलापुढे तसाच उभा राहिला. हे नाव त्याला कोल्ड स्टोरेजमधल्या हमालांनी दिलं होतं, कारण उठता-बसता त्याच्या तोंडी एकच विषय असे. मोठ्या थंड खोलीच्या दाराची आतली कडी मोडली होती. बाहेरून अडसर सरकवला, की आतल्या माणसाला काही केल्या दार उघडता येत नसे. आतून ओरडूनही उपयोग नव्हता. दार वीतभर जाड, आणि वरचं जुनं यंत्र दिवसभर ठकठक करायचं. मागच्या वर्षी तो स्वतःच आत अडकला होता. जीव वाचला, पण उजव्या हाताची दोन बोटं काळी पडून कायमची बधिर झाली.

तेव्हापासून तो साहेबांच्या मागे लागला होता. साहेबांनी कडी काही बदलली नाही, नियम तेवढा काढला. अडसर सरकवण्याआधी दार उघडून हाक द्यायची, कोणी आहे का. काम सुटल्यावर दार लावायचं काम कडीवाल्याकडेच होतं. तो ही हाक एवढ्या जोरात द्यायचा, की आतले गोठलेले मासेसुद्धा पोहायला लागतील, असं हमाल म्हणायचे.

परवा मालक फेरीला आले, तेव्हा त्याला राहवलं नाही. सगळ्यांसमोर त्याने कडीचं गाऱ्हाणं घातलं. मालकांनी साहेबांना तिथल्या तिथे फैलावर घेतलं. साहेबांचं तोंड एवढंसं झालं. हे आपल्याला भोवणार, हे कडीवाल्याने तेव्हाच ओळखलं होतं.

"साहेब, चुकलं माझं," तो आता म्हणाला. "बायकोची कंबर धरलीय, तिचं शिवणकाम बंद आहे. या वयात मला दुसरीकडे कोण उभं करणार?"

साहेबांनी कागद बाजूला सारले. "हात दाखव."

त्याने हात पुढे केला. साहेबांनी ती दोन बोटं उलटसुलट करून पाहिली. वर्षभरात पहिल्यांदाच.

"जा आता," मग म्हणाले.

बाजारात बैलाचे दात बघतात तसं आपल्याला बघितलं आणि नापास केलं, असं त्याला वाटलं. डोळ्यांत पाणी आलं ते त्याने बाहीने पुसलं आणि खोक्यांच्या मागे जाऊन बसला.

शनिवार होता, दुपारीच काम सुटलं. हमाल त्याची नजर चुकवत एकेक करून निघून गेले. बातमी सगळ्यांना कळली होती. जागा रिकामी झाल्यावर तो उठला. साहेबांना आणखी एकदा विनवून बघावं, असं त्याच्या मनात आलं. केबिन बंद होती. फाटकाजवळच्या खोलीत वॉचमन पाळी संपवून घाईघाईत कपडे बदलत होता.

"साहेब कुठेत?"

"गेले की मघाशीच," वॉचमन म्हणाला. "माझा पाना आणि पेचकस पण घेऊन गेले."

कडीवाला तिथून वळला. एका माणसाच्या पोटावर पाय दिला आणि साहेबांना घरचा गळका नळ आठवला. जाताना दुसऱ्याची हत्यारं न्यायलासुद्धा विसरले नाहीत.

तो दार लावायला गेला. खुंटीवर त्याचा जाड कोट नव्हता. नोकरी जायच्या आधी कोट गेला. दुसऱ्या कुणाच्या तरी अंगाला तो आजच बसवून पाहिला असेल. थंड खोलीचं दार लोटलेलं होतं. यंत्राची ठकठक आज जरा जास्तच कानात बसत होती.

हाक द्यायला त्याने तोंड उघडलं आणि मिटलं. कुणासाठी द्यायची? नियम साहेबांचा होता, आणि साहेबांना कडीवालाच नको होता. त्याने बाहेरचं बटण दाबून दिवा मालवला, अडसर सरकवला, वर कुलूप घातलं आणि किल्ली वॉचमनच्या रिकाम्या खोलीत टांगून घरी गेला.

रात्री दोघांनाही जेवण गेलं नाही. बायको भिंतीकडे तोंड करून पडली होती, पण जागी होती हे त्याला कळत होतं. सकाळी तिनेच त्याला धुतलेला शर्ट काढून दिला.

"अहो, साहेब ऐकत नसतील तर त्यांच्या बायकोच्या कानावर घाला," ती म्हणाली. "बाईच्या जातीला कळेल ते."

साहेबांच्या घरापर्यंत तो वाक्यं जुळवत गेला. वेळ आली तर पाय धरायचे. कडीचं नाव जन्मात पुन्हा काढणार नाही, असं सांगायचं. आपण मुळात कडीचा विषय काढायलाच नको होता, असं त्याला आता मनापासून वाटत होतं.

दार साहेबांच्या बायकोने उघडलं. कोल्ड स्टोरेजमधून आलोय, साहेबांना भेटायचंय, एवढंच तो कसंबसं बोलला. तिने त्याच्या उजव्या हाताकडे पाहिलं आणि ती हसली.

"कडीवाले तुम्हीच ना? काल फोनवर तुमचंच सांगत होते. रागाच्या भरात नको ते बोललो म्हणाले, ती बोटं बघवली नाहीत. सोमवारी त्याला घरी जाऊन घेऊन येतो, पण आधी स्वतःच्या हाताने कडी बसवतो, म्हणाले. रात्री आलेच नाहीत. यंत्र बिघडलं की राहतात तिकडे, तसेच राहिले असतील, आणि आत असले की फोन लागतच नाही. थांबा हं, तिकडे जाणार असाल तर एवढा थर्मास न्या. चहा अजून कढत आहे."