बल्ब लागेपर्यंत

सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी लाईट गेली. मे २००६, शनिवार. राजारामपुरीतल्या एका कॉलेजच्या संगणक प्रयोगशाळेत त्या वेळी तिघे होते : फेरपरीक्षेला बसलेली एकुलती एक विद्यार्थिनी मनाली, गडहिंग्लजहून आलेले परीक्षक अमरसिंह घोरपडे आणि शिपाई गणपती. तिघांच्याही चपला दाराबाहेर होत्या.

"अकरा ते तीन," गणपतीने भिंतीवरचे कपातीचे वेळापत्रक वाचले. "आन परत सांजचं सहाला."

मनालीला सोमवारी शिरोलीच्या एका कारखान्यात ऑपरेटर म्हणून हजर व्हायचे होते, पास झाल्याचा दाखला घेऊन. दाखला घोरपड्यांच्या सहीवर अडला होता. पुढची परीक्षा नोव्हेंबरात होती.

घोरपड्यांनी तोंडी परीक्षा उरकून घेतली.

"रॅम म्हणजे काय?"

"लाईट गेली की ज्यातलं सगळं पुसलं जातं ते, सर."

"मग आत्ता ह्या मशिनमधलं काय गेलं?"

"तुम्ही मघाशी टाईप करायला लावलं तेवढंच. मी सेव्ह म्हणणार, तोवर गेली."

घोरपड्यांनी दहापैकी नऊ दिले. उरला प्रोग्राम. फॉर्मवर छापले होते : परीक्षकाने प्रोग्राम चालवून, आउटपुट पाहूनच सही करावी. गेल्या वर्षी न पाहता सही करणाऱ्या एकाची चौकशी लागली होती. घोरपडे न पाहता सही करणार नव्हते. तीनपर्यंत थांबणारही नव्हते. त्यांना एकची एसटी गाठायची होती.

त्यांनी गणपतीकडे पाहिले. सकाळी पाणी मागितल्यावर त्याने नुसता तांब्या आणला होता. पेला कुठे, असे विचारल्यावर म्हणाला होता, "पेला म्हणला न्हाईसा." असा माणूस आता त्यांना उपयोगी वाटला.

"कागदावर लिही," ते मनालीला म्हणाले. "चालवायला हा आहे. लूप पाहिजे. आणि लूप थांबायची अट पाहिजे. मधेच बंद पडलं तर नापास."

मनालीने पाच मिनिटांत चार ओळी लिहिल्या. एक : दारावरचा बल्ब बघा. दोन : लागला असेल तर 'लाईट आली' म्हणा आणि थांबा. तीन : नसेल तर व्हरांड्याच्या टोकापर्यंत चालत जाऊन या. चार : पुन्हा पहिल्या ओळीवर या.

"कॉम्प्युटरला अहो-जाहो?"

"मामांना अरे कसं म्हणू, सर?"

घोरपड्यांनी दोनदा वाचले. चूक नव्हती. त्यांनी फॉर्मवर शाईने लिहिले : यंत्र – गणपती. सुरू – ११.४०. गणपती निघाला. त्यानंतर त्यांना एकची एसटी आठवली; बल्ब तर तीनच्या आधी लागणार नव्हता. फॉर्मच्या तळाशी छापले होते : खाडाखोड केल्यास परीक्षा रद्द.

एक वाजता गाडी गेली. दोन वाजता घोरपड्यांनी चहा मागितला.

"चा लिहिलेला न्हाई," जाता जाता गणपती म्हणाला.

मनालीने त्याच्यापुढे पाण्याचा पेला धरला. त्याने कागदाकडे पाहिले आणि मान हलवली.

तीनला लाईट यायची होती, आली नाही. चार वाजता घोरपडे व्हरांड्यात वाट अडवून उभे राहिले.

"गणपती, बस कर. थांब आता."

"मधीच थांबलो तर पोरगी नापास हुतीय," गणपती त्यांना वळसा घालून म्हणाला. "तुमीच म्हणलासा की."

घोरपडे आत जाऊन बसले.

पाच वाजून वीस मिनिटांनी पंखे फिरू लागले. सहाही संगणक एकदम पीं करून उठले. घोरपड्यांनी पेनाचे टोपण काढले. गणपती व्हरांड्यातून आला, दारात थांबला, मान वर करून त्याने बल्ब पाहिला आणि परत फिरला.

"अरे, लाईट आली की!"

"बल्ब लागला न्हाई."

"पंखा फिरतोय डोक्यावर!"

"कागदावर पंखा न्हाई. बल्ब हाय."

पुढच्या फेरीला घोरपडे दारातच उभे होते. "बल्ब का लागत नाही?"

"उडालाय त्यो. दिवाळीत."

"मग सकाळी बोलायला काय झालं होतं?"

"बगा म्हणून लिवलंय. कसा हाय, ते इचारलं कुणी?"

घोरपडे खुर्चीवर बसले. प्रोग्राम बरोबर होता. यंत्रही बरोबर चालले होते. आउटपुट नव्हते. नवा बल्ब स्टोअरमध्ये होता. स्टोअरची किल्ली गणपतीच्या कमरेला होती आणि किल्ली द्या अशी ओळ कागदावर नव्हती.

"सर, बल्ब बदलला तर चालेल? प्रोग्रामला हात लावत नाही," मनालीने विचारले.

घोरपड्यांनी फॉर्म पुढून वाचला, मागून वाचला. बल्बाबद्दल त्यात काही नव्हते.

"चालेल," ते म्हणाले.

मनाली पळत सुटली. चप्पल दारातच राहिली. जवळचे दुकान बंद होते, पुढच्या दुकानात ट्यूबच होत्या. चौथ्या दुकानात साठचा बल्ब मिळाला.

पाच वाजून अठ्ठावन्न मिनिटांनी, सहाच्या कपातीला दोन मिनिटे उरली असताना, ती दारातल्या स्टुलावर चढली होती. घोरपडे दोन्ही हातांनी स्टूल धरून उभे होते. पेन दातांत होते. बल्ब होल्डरमध्ये फिरला आणि लागला.

गणपती त्या वेळी व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला, पाठमोरा होता.

"मामा, पळत या!" मनाली ओरडली.

गणपती वळला. कागदावर 'चालत' लिहिले होते. तो चालत येत होता.