उत्तरासाठी जोडलेली पाकिटं

नोकरीच्या पहिल्याच दिवशी हेडक्लार्क बाईंनी हेमलतापुढे पाकिटांचा गठ्ठा आणि पाण्याची ताटली ठेवली.

"अर्जदारांनी उत्तरासाठी जोडलेली पाकिटं आहेत ही. तिकिटं भिजवून काढ आणि काचेवर वाळत घाल. ऑफिसच्या टपालाला चालतात."

"मग यांना उत्तर कसं जाणार?"

"निवडलेल्यांना कळवलं की. बाकीच्या तीनशेजणांना काय कळवायचं?"

हेमलताने दोन वर्षांत चौऱ्याण्णव अर्ज केले होते. प्रत्येकाला स्वतःचा पत्ता लिहिलेलं, तिकीट लावलेलं पाकीट टाचणीने जोडलं होतं. परत आलं ते एकच, इथलं. बाकीची पोस्टमन गुरवकाकाच कुठेतरी टाकून देतात, अशी तिची खात्री होती. तिने त्यांची पोस्टमास्तरांकडे लेखी तक्रार केली होती. काकांनी भर गल्लीत पिशवी उपडी करून दाखवली, तेव्हाही ती त्यांना वाट्टेल ते बोलली होती.

पहिलं तिकीट अलगद सुटून आलं. पाकिटावर त्याच्या शेजारीच कुणीतरी वळणदार अक्षरात, अगदी तिच्यासारखाच जपून, आपला पत्ता लिहिला होता. संध्याकाळपर्यंत तिने सगळी तिकिटं काचेवर वाळत घातली.

घरी परतताना तिला बघून गुरवकाका सायकलवरून उतरले.

"लागलीस ना कामाला, पोरी? काय काम दिलंय?"

"टपालाचं," डिंकाने चिकट झालेली बोटं पदरात लपवत ती म्हणाली.

काका मनापासून हसले. "म्हणजे आमच्याच खात्यातली झालीस की."