ठिसूळ डांबर

गावच्या रस्त्याचे काम पूर्ण झाल्याच्या दाखल्यावर सरपंच म्हणून माझी सही हवी होती, आणि ठेकेदार माझाच जावई होता. मी डांबराच्या पिंपाला चिकटलेला एक तुकडा काढून वाकवला. साक्रीच्या वैशाखातल्या उन्हात तो लवायला हवा होता; तो काचेसारखा मोडला. “जावईबापू, तीस वर्षे रसायनशास्त्र शिकवले आहे मी. दुसरीकडचे उरलेले डांबर तुम्ही पुन्हा पुन्हा उघड्यावर उकळलेत. हवेतल्या ऑक्सिजनने त्यातला तेलकट अंश कडक केला. वर्षभरात हा आख्खा रस्ता तडकेल.” “काळं शे ना? मंग झालं!” तो मजुरांकडे पाहून हसला. “गावले काय समजस?” “मला समजले.” तो जवळ सरकला. “सही करा, नाहीतर तुमच्या लेकीला कायमची माहेरी पाठवतो.” मी तो दाखला फाडला. “आजच पाठवा. आणि तिच्यासोबत रस्ता उखडायला एक जेसीबीही पाठवा.”