सामाईक आभाळ

टीव्हीवर बातमी होती: विमानतळाजवळ दोन छोटी विमानं हवेतच एकमेकांवर आदळली. अंजूरचे बाळाराम पाटील चहाची बशी खाली ठेवत म्हणाले, "एवढं आभाळ मोकलं, न् या येड्यांना एकमेकांवरच जायचं व्हतं?"

त्याच आठवड्यात त्यांच्या सार्थकचं लग्न होतं. धाकटा भाऊ मनोज, ज्याच्याशी जमिनीच्या वाटणीवरून अबोला, त्याच्या हर्षदचंही त्याच दिवशी, त्याच मुहूर्तावर. मांडव एकाच सामाईक शेताच्या दोन टोकांना. दोन्ही नवरदेव हेलिकॉप्टरने येणार होते. कोणी कोणाचं बघून ठरवलं, यावर गावात अजून दोन मतं आहेत.

ऐन वेळी हेलिकॉप्टर कंपनीचा माणूस धावत आला. "साहेब, दोन्ही एकदमच शेतावर येतायत. एकाने दहा मिनिटं थांबायला हवं, नाहीतर वरच धडकतील."

"मी थोरला हाय. त्याला थांबव," बाळाराम म्हणाले.

तो माणूस शेताच्या दुसऱ्या टोकाला, मनोजकडे पळाला. "थोरला आसंल त्याच्या घरात. मी थांबनार न्हाय," मनोज म्हणाला.

वैमानिकांचा आपसात अबोला नव्हता. ते रेडिओवर बोलले आणि जवळच्याच मानकोली गावात एका गोडाऊनमागे एकामागोमाग उतरले. इकडे दोन्ही बाप मान वर करून आभाळ बघत राहिले आणि एका शेअर रिक्षातून दोन्ही नवरदेव मांडवाशी आले.



बाळारामांनी सार्थकला बाजूला घेतलं आणि हळूच विचारलं, "पयला कोन उतरला?"