मुकी दुपार

"आई, पाहुणे घरात आहेत तोवर तू मुकी."

शालिग्रामने हे चुलीकडे बघत सांगितलं. आईकडे बघून सांगायची त्याची छाती झाली नाही.

मंजुळाबाईच्या हातातलं उलथणं थांबलं. "मुकी? काऊन रे? माह्या तोंडाले काय कीड लागली?"

"तुझ्या बोलण्याला पुण्याकडे हसतात. नागपूरच्या कॉलेजात जर्मन शिकवायची एकच जागा आहे. माणूस निवडणं आज पुण्याहून येणाऱ्या प्रोफेसरांच्या हातात. मी त्यांना कळवून ठेवलंय, आईला बोलता येत नाही."

मंजुळाबाई म्हणजे खामगावच्या कापूस बाजारात दलाल जिच्या आवाजाला वचकून असत, ती बाई. नवऱ्यामागे भाव करून करून तिचा गळा बसला, तेव्हा कुठे हा पोरगा बोटीत बसला. जर्मनीत शिकून आला तो 'माय' विसरून 'आई' म्हणत आला. तेही तिने गिळलं. हेही गिळलं. पोराची नोकरी होती.

भिंतीपलीकडून शेजारीण सरस्वतीबाई ओरडली, "काऊन व मंजुळे, आज भोंगा बंद?" मंजुळाबाईने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिचं उत्तर उधार राहिलं.

दुपारी प्रोफेसर जळंबला गाडी बदलून आले. सुधारक माणूस, पाटावर बसून चवीनं जेवू लागले. मंजुळाबाईने पदराचं टोक दातांत धरलं आणि बेसनाच्या पातोड्यांचा रस्सा वाढला. भाकरीवर तूप सोडलं. स्वतःच्याच घरात चोरून शिरल्यासारखं वाटत होतं.

"तिकडे नेमकं काय केलंत?" प्रोफेसरांनी विचारलं.

शालिग्राम खुलला. जर्मनीच्या डोंगरातल्या खेड्यांची जुनी बोली त्याने गोळा केली होती. पदवी त्यावरच मिळाली होती. "एक म्हातारी होती साहेब, तोंडावर हात ठेवून बसायची. शाळामास्तरापासून सगळे तिच्या बोलीला हसलेले."

"मग बोलती कशी केलीत?"

"तिच्या चुलीशी जाऊन बसत राहिलो. म्हटलं, आजी, तुमचे शब्द शहरातल्यांपेक्षा जुने आहेत. लाजायचं तर त्यांनी लाजावं. तेव्हा कुठे हात खाली आला. मग काय, थांबेचना!"

प्रोफेसर जेवता जेवता थांबले. "वा! जागा तुमचीच. म्हातारीच्या चुलीशी बसणारा माणूसच मी शोधत होतो."

मंजुळाबाई भाताचं पातेलं धरून उभी होती. आनंदानं ऊर भरून यायला हवा होता. तिला मात्र त्या परक्या म्हातारीचा हेवा वाटला, आणि हेवा वाटल्याची लाज. पदर सोडायचंही तिला सुधरेना.

प्रोफेसरांनी तिला हात जोडले. मग शालिग्रामकडे झुकून हळूच म्हणाले, "हाताला काय चव आहे! बिचाऱ्या जन्मापासून मुक्या का?"

शालिग्रामचा घास हातातच राहिला. नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. त्याने तिच्याकडे पाहिलं. दातांतला पदर पाहिला. मग त्याची मान खाली गेली.

"नाही साहेब," तो म्हणाला. "आज सकायपासून. म्याच मायले सांगतलं."