चालवणाऱ्याचे माप

"हिला विचारू नका," तो म्हणाला. "हिला बाजूला नुसतं बसायचंय."

दुकानदाराने मान वर केली नाही. त्याच्यासमोर गाडीच्या, रेसमध्ये वापरतात तशा, दोन सीट मांडल्या होत्या. दोन्ही काळ्या, दोन्ही खांद्यांपाशी पंखांसारख्या पुढे वळलेल्या, दुरून पाहणाऱ्याला जुळ्या वाटाव्यात अशा. त्याने पहिलीच्या पाठीवर बोटाने टकटक केली. आवाज आतल्या आत बुडाला. दुसरी रिकाम्या डब्यासारखी वाजली.

"ही तपासलेली. यंत्रावर आपटून पाहिलेली, मागे तसा शिक्का आहे. दुसरी नक्कल. दिसायला तीच, पण धडक बसली तर तिची पाठ टिकेल, असं मी छातीवर हात ठेवून सांगणार नाही."

"मग विकता कशाला?"

"मागणारे येतात म्हणून."

"मला माझ्या बाजूलाही तपासलेलीच हवी," बायको म्हणाली. तिचा हात नकळत मानेवर गेला होता.

गेल्या वर्षी एका वळणावर त्याने गाडी कठड्यावर घातली होती. त्याला खरचटलेही नव्हते. तिच्या गळ्याभोवती मात्र सबंध उन्हाळा पांढरा पट्टा होता, आणि घरात त्या पट्ट्याइतकेच ताठ मौन.

"तुझी मानच काचेची. त्याला सीट काय करणार?" स्वतःच्याच विनोदावर तो हसला.

"कठड्यावर गाडी मी घातली नव्हती."

"तू घातलीस कुठे कधी? लायसन्स पर्समध्येच म्हातारं झालं तुझं."

गाडी तिच्या वडिलांची. चालवायलाही तिला त्यांनीच शिकवले होते, आणि जाताना ती बुटकी, लाल, गुरगुरणारी वस्तू त्यांनी मुलीच्या नावावर केली होती. पण लग्न झाल्यापासून किल्ली त्याच्या खिशात राहत आली होती. आता तर ती त्याच्या पावलांच्या तालावरच वाजत असे.

"साहेब," दुकानदार म्हणाला, "कंपनीच्या सीटमध्ये कुशीला एअरबॅग असते. ती सीट काढली की एअरबॅगही गेली. तुमच्या तपासलेल्या सीटचे पंख तरी अंगाला धरून ठेवतील. नकलेचे पंख म्हणजे नुसती शोभा. आणि डॅशबोर्डवर लाल दिवा लागेल, तो वेगळाच."

"दिवा विझवता येतो ना?"

"येतो. धोका तेवढाच राहतो."

"विझवा. रेसच्या ट्रॅकवर चालवणाऱ्याची सीट बघतात, बाजूची कोण बघतंय? तिकडे नक्कल टाका. आणि मला ते सीट सरकवायचे रूळ नकोत. सीट थेट गाडीच्या तळाला ठोका. वजन कमी, पकड घट्ट."

"मग ती पुढे-मागे सरकणार नाही. ही सीट शर्टासारखी असते, साहेब. ढगळ झाली तर घात, मापाची असली तरच वाचवते. चालवणाऱ्याचं माप घ्यावं लागेल. खांदे, कंबर, पायांची लांबी."

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. "घ्या काय घ्यायचं ते. जुनी सीट आहे ना गाडीत, तिच्यावरून काढा," असे म्हणत त्याने गाडीची किल्ली टेबलावर फेकली आणि तो बाहेर पडला.

बोलता बोलता त्याने काचेतून आत पाहिले. दुकानदार काहीतरी विचारत होता, ती काहीतरी सांगत होती. मग ती तपासलेल्या सीटमध्ये जाऊन बसली आणि डोके मागे टेकून तिने डोळे मिटले. रुसलेल्या पोराने दुकानातल्या खेळण्यावर घटकाभर हात फिरवून घ्यावा, तशी ती त्याला दिसली. त्याने पाठ फिरवली.

तो परतला तेव्हा ती पायांत सपाट चपला अडकवत होती. दुकानदाराच्या खांद्यावर फीत लोंबत होती.

"माप झालं," दुकानदार म्हणाला. "पुन्हा विचारतो. पक्कंच बसवू? नंतर तक्रार चालणार नाही."

"पक्कंच. ती सीट चालवणाऱ्याची. दुसऱ्या कुणी त्यात बसायचंच नाही."

दुकानदाराने तिच्याकडे पाहिले.

"ऐकलंत ना?" ती शांतपणे म्हणाली. "पक्कंच बसवा."

"आणि बाजूची, ताई? अजूनही बदलता येईल."

"ते यांनी ठरवलंय."

"बघा, आली ताळ्यावर," तो दुकानदाराला डोळा मारत म्हणाला. "घरापर्यंतचा तर रस्ता. हिला काय होतंय? ही फक्त बसणार आहे."

काम संपेपर्यंत दोघे काचेच्या खोलीत एकमेकांकडे न पाहता बसून राहिले. पान्ह्यांचे आवाज येत होते. आत लोखंड लोखंडात घट्ट रुतत होते. मध्येच एका कागदावर सही हवी म्हणून दुकानदाराने तिला बोलावले. गाडी जिच्या नावावर, सही तिची. ती उठून गेली. त्याने फोनमधून डोके काढले नाही.

गाडी बाहेर आली. दोन्ही सीट जुळ्या बहिणींसारख्या शेजारी बसल्या होत्या. डॅशबोर्डवर एकही दिवा नव्हता.

"व्वा!" म्हणत तो चालवणाऱ्याच्या दाराने आत उतरला. पुरता उतरलाच नाही. त्याचा धिप्पाड देह दोन पंखांमध्ये अडकला आणि गुडघे स्टीअरिंगवर आदळले. त्याने सवयीने खालची कळ चाचपली. तिथे गार लोखंड होते, आणि करकचून आवळलेले बोल्ट.

"कुणाच्या मापाने बसवली ही?" तो ओरडला.

"चालवणाऱ्याच्या," दुकानदार म्हणाला. "तुम्हाला विचारूनच बसवली, साहेब."

ती दाराशी येऊन उभी होती. केस घट्ट बांधलेले, बोटात किल्ली.

"ऊठ," ती म्हणाली. "तिकडून बस. घरापर्यंतचा तर रस्ता. तुला काय होतंय? तू फक्त बसणार आहेस."