बिशपचे मासे

“किती उरले?” नेव्हिलने फोनवर विचारलं.

“दोन,” ग्लेनिस म्हणाली. तेही अगदी खालच्या आवाजात.

नऊ दिवसांपूर्वी नेव्हिल ट्रास्कने बारा इंद्रधनू मासे तिला टाकीत पाळायला पाठवले होते. क्वीन्सलँडच्या पठारावर त्याने ते अंड्यांपासून वाढवलेले. पश्चिमेच्या राज्यात जिवंत मासा धाडायचा म्हणजे आधी परवानगी, मग जातीचं नाव, संख्या, सह्या. मग पिशव्यांत ऑक्सिजन भरायचा, त्या थर्माकोलच्या खोक्यात बसवायच्या आणि खोका केर्न्सच्या विमानतळावर नेऊन द्यायचा. पर्थला उतरलेला खोका घ्यायला ग्लेनिस नॉर्थमहून दीड तास गाडी हाकत जायची. आणि एवढं सगळं करून ते मासे जायचे कुणाच्या पोटात? तर तिच्या लांब मानेच्या कासवाच्या! त्याचं नाव बिशप.

“अगं, कासव आहे की मगर? संध्याकाळी टाकीत मासे सोडण्याआधी त्याला पोटभर खायला घाल म्हटलं होतं ना?”

“घातलं रे. पण त्याची भूकच राक्षसी.”

गेली तीन वर्षं हे असंच चाललं होतं. खोका पोचला की नेव्हिल फोन करायचा. आठवड्याने पुन्हा करायचा, किती जगले ते विचारायला. मग कासवाला शिव्या घालून झाल्या की गोष्टी दुसरीकडे वळायच्या. ग्लेनिसने तीस वर्षं शाळेची बस चालवलेली. कुठलं पोर कुठल्या वळणावर ओकायचं, इथपर्यंत तिला सगळं पाठ. नवरा गेल्यावर हे कासव तेवढं सोबतीला होतं. नेव्हिल साखर कारखान्यात फिटर होता. त्याची बायको वीस वर्षांपूर्वी ब्रिस्बेनला निघून गेली, ती परत आली नाही. हे त्याने ग्लेनिसशिवाय कुणाला सांगितलं नव्हतं. तास कधी उलटायचा, कळायचं नाही.

पण आज त्याला खरंच लागलं. या वेळचे मासे त्याने मुद्दाम निवडून दिले होते. निळ्या पट्ट्याचे, एकाहून एक देखणे.

“बास झालं, ग्लेनिस,” तो म्हणाला. “मी मासे कासवाच्या तोंडी द्यायला वाढवत नाही. यापुढे एकही पाठवणार नाही.”



“बरं,” ती म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

पहिला आठवडा नेव्हिल आपलं बरोबरच होतं असं स्वतःला बजावत राहिला. दुसऱ्या आठवड्यात दोनदा फोन उचलून त्याने परत ठेवला. आता विचारणार तरी काय? पाठवलेलेच नाहीत, तर जगले किती, हे कोणत्या तोंडाने विचारायचं? पाचव्या आठवड्यात त्याने शेडमध्ये स्टीलच्या जाळीचं एक पार्टिशन बनवलं. टाकीची मापं ग्लेनिसने कधीतरी बोलता बोलता सांगितली होती, ती त्याच्या ध्यानात होती. एका बाजूला कासव, दुसऱ्या बाजूला मासे, म्हणजे भांडणच मिटलं. जाळी त्याने ब्लँकेटमध्ये गुंडाळली आणि आयुष्यात पहिल्यांदा देशाच्या या टोकाहून त्या टोकाला जाणारं विमान पकडलं.

पर्थहून भाड्याच्या गाडीने निघताना त्याने फोन केला.

“आज? छे छे, आज नको!” ग्लेनिस दचकलीच. “घरात नुसता पसारा पडलाय.”

“मी पसारा बघायला येत नाहीये. कासवाचं तोंड बघायला येतोय.”

दार तिने अर्धंच उघडलं. ठेंगणी, उन्हाने रापलेली बाई. केस घाईघाईत विंचरलेले. दोघंही एकमेकांकडे अनोळख्यासारखे बघत राहिले. फोनवरचा आवाज समोर उभा राहिला की असं होतं.

पुढच्या खोलीत टाकी होती. बिशप पाण्यातल्या ओंडक्यावर मान लांबवून पडला होता आणि ते दोन मासे त्याच्या नाकासमोरून खुशाल येरझारा घालत होते. बिशप ढिम्म. ग्लेनिसने त्याच्यापुढे गोगलगाय धरली, तेव्हा कुठे त्याने तोंड उघडलं.

नेव्हिलच्या कपाळाला आठी पडली. “हात धुऊन येतो, मग जाळी बसवू,” तो म्हणाला.

“मागे नको जाऊस! इथे, स्वयंपाकघरात धू.”

पण तेवढ्यात त्याच्या कानांवर मागच्या व्हरांड्यातून एक घरघर आली. पाण्यात हवा सोडणाऱ्या पंपांची घरघर. एकाची नव्हे, पाच-सहा पंपांची. त्या आवाजात त्याचं निम्मं आयुष्य गेलेलं. तो सरळ चालत गेला.

व्हरांड्यात जुना बाथटब होता. मेंढ्यांना पाणी पाजायचं पत्र्याचं डोण होतं. कपडे धुवायचे दोन हौद, लहान मुलांचा फुगवायचा पोहण्याचा तलाव. सगळे पाण्याने भरलेले, सगळ्यांवर माश्या-पाखरांपासून जपायला जाळ्या. प्रत्येकावर चिकटपट्टी लावून तारीख लिहिलेली. आणि आत त्याचे मासे. तीन वर्षांपूर्वीच्या पहिल्या खोक्यातले, आता चांगले हाताच्या बोटाएवढे. गेल्या खोक्यातले निळ्या पट्ट्याचे दहाच्या दहा. तलावात तर शेकडो पिल्लं.

“हे सगळे…” नेव्हिल बाथटबवर वाकला. “मग बिशपने खाल्ले म्हणालीस ते?”

ग्लेनिस दाराच्या चौकटीला धरून उभी होती. चेहरा लालबुंद झालेला.

“त्या बिचाऱ्याने आजवर एका माशाला तोंड लावलं नाही,” ती म्हणाली. “पण सगळे सुखरूप आहेत म्हणून सांगितलं असतं, तर तू पुन्हा फोन कशाला केला असतास?”